सतरा नंबर

सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला अण्णांकडे गेलो होतो. शिऱ्याचा डबा, वर तुळशीचं पान, बरोबर दोन केळी. अण्णांनी नेहमीप्रमाणे "बस रे, पाणी घे" म्हणत पेला पुढं केला. डबा रिकामा करायला काकूंनी चमचा आणला आणि तो त्यांच्या हातातून निसटून टेबलाखाली गेला. मी वाकलो. टेबलाच्या मागच्या उजव्या पायाखाली काहीतरी चमकत होतं. पितळेची छोटी पट्टी, तिच्यावर ठोकलेला आकडा, 17. पट्टीच्या मागं मरून रंगाचं रेक्झिन, कडेनं मेणदोऱ्याचे टाके. त्यातला शेवटचा टाका तिरका गेलाय, हे मला न बघताही सांगता आलं असतं, कारण तो मीच घातला होता. चमचा घेऊन वर आलो तर अण्णा माझ्याकडंच बघत होते. "डुगडुगत होतं रे," ते म्हणाले. "पुठ्ठा घातला की आठ दिवसांत दबायचा. हे बरोब्बर बसलं. दबतच नाही." आवाजात ओशाळलेपण अजिबात नव्हतं. उलट एखाद्या सुताराला 'दार छान लागतंय हो तुमचं' म्हणावं तसे ते म्हणाले.

मी हसलो. शिरा चांगला झालाय म्हणाले, मी पुन्हा हसलो. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

आमची फियाट 1968 सालची. 1100 डिलाईट. तिला सगळे पद्मिनी म्हणतात आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पद्मिनी हे नाव नंतरचं, पण चेहरा तोच, त्यामुळं लोकांचंही चुकत नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच घेतली, 1979 मध्ये. नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघण्याचा तो काळ, आणि दादांकडं वाट बघायला लागतात तेवढेही पैसे नव्हते. गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती, त्यामुळं ती नावाला आमची होती. रात्री दोनला कडी वाजली की आई आधी दिवा लावायची आणि दादा किल्ली शोधायचे. कोण आलंय, कशाला आलंय हे नंतर. बाळंतिणी त्याच गाडीतून दवाखान्यात गेल्या आणि बाळं घेऊन त्याच गाडीतून परतल्या. अण्णांची मोठी मुलगीही. पेट्रोलचे पैसे दादांनी कधी घेतले नाहीत. मग लोक दुसरं काहीतरी करायचे. बारशाच्या घुगऱ्या यायच्या, नारळ आणि ब्लाऊजपीस यायचं, एकदा तर कराडकडच्या कुणीतरी गुळाची अख्खी ढेप डिकीत ठेवून दिली होती. ती सापडेपर्यंत मुंग्यांना सापडली होती.

मला आठवते ती सीट. मे महिन्यात हाफ चड्डीत त्या रेक्झिनवर बसायचं म्हणजे आधी चटका, मग घाम, आणि उठताना मांड्या सुटायचा चर्रर्र आवाज. पुढंही अख्खी सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळं पुढं तिघं आरामात बसायचे आणि मधला पोरगा बहुतेक वेळा मी असायचो. तिसरा गिअर टाकताना दादांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं. पुण्याहून, आजोळहून परत येताना खंबाटकीच्या चढाला गाडी हमखास थांबायची. बॉनेट उघडायचं, वाफ निवू द्यायची, कॅनमधलं पाणी. कधी रेडिएटर बरा असायचा पण पेट्रोलच चढायचं नाही. दादा म्हणायचे, एअर धरलाय. मग आईच्या पिशवीतलं फडकं भिजवून इंजिनच्या पेट्रोल पंपावर टाकायचं आणि सगळ्यांनी कठड्यावर बसून शेंगा खायच्या. आम्हा पोरांना तो प्रवासाचाच भाग वाटायचा. आता साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून दोन मिनिटांत पार होतो आणि पलीकडं उजेडात आलं की उगीच काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. शेंगा, बहुतेक.

दादा गेल्यावर गाडी नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. विकायचं निघालं की आई 'बघू' म्हणायची. शेवटी 2018 ला मी ती कामाला घातली. पत्रा, वायरिंग, ब्रेक, सगळंच. अडलं ते बारक्या गोष्टींवर. दाराची हँडलं, मागच्या दिव्याची काच, पुढच्या त्रिकोणी काचेचा खटका. मेकॅनिक म्हणाला, कुर्ल्याला जा. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी जुळली, त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडच्या भंगाराच्या दुकानांत मी तिच्या बहिणींचे अवयव हुडकत फिरलो. टॅक्सीतून निघालेली हँडलं गोणपाटावर मासळीसारखी मांडलेली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं, म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरअखेरीला सगळा खेळ आटोपला. त्या आठवड्यात लोकांनी फोटो काढले, हळहळले. मीही हळहळलो. पण खरं सांगायचं तर मनात दुसऱ्या बाजूला हिशोब चालू होता, की आता मागच्या दाराचं रबर स्वस्त होईल का. (झालं नाही. डाव्या मागच्या दाराच्या काचेचं ते चॅनेल मला आजतागायत मिळालेलं नाही. ती काच वाजते. तशी ती दादांच्या काळातही वाजायचीच.)

सीट मात्र नव्यानं करावीच लागली. कुशनवाल्यानं जुनं रेक्झिन फाडून काढलं, आत काथ्याचा भुगा आणि गंजलेल्या स्प्रिंगा, आणि ते मरून फाटकं त्यानं सरळ कोपऱ्यात भिरकावलं. मी ते उचललं. "काय करणार साहेब याचं?" माहीत नव्हतं. नुसतं टाकवत नव्हतं. घरी येऊन ओल्या फडक्यानं पुसलं तर त्याला अजून तो वास होता. पेट्रोल, ऊन, थोडासा दादांच्या तंबाखूचा. तो तंबाखूचा कदाचित मीच घातला असेन.

तिकिटांची कल्पना माझी नाही. गाडी रस्त्यावर आल्यावर रविवारी सकाळी ज्याला हवं त्याला घेऊन संगम माहुलीपर्यंत जायचं आणि यायचं, असं सुरू झालं. आरटीओतला एजंट मागं लागला होता की व्हिंटेजमध्ये घाला. 2021 च्या जुलैत तसा नियम आला, पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हीए' अशी वेगळी नोंदणी. पण त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे गल्लीतल्या काकूंना माहुलीला न्यायचं तर आधी रॅली भरवावी लागणार. मी साधी नोंदणीच ठेवली, दर पाच वर्षांनी नवी करायची. पांढरी पाटी, म्हणजे भाडं घ्यायचा प्रश्न नाही. तरी पहिल्याच रविवारी एक गृहस्थ उतरताना डॅशबोर्डवर पन्नासची नोट ठेवून गेले. ती नोट मला दिवसभर डाचली. दादांच्या गाडीत नोट! आणि त्याच फेरीत माझ्या चुलतभावाची नात होती, सहा वर्षांची. ती उतरायलाच तयार नाही. "तिकीट कुठाय?" एसटीतून येताना आजीनं तिच्या हातात तिकीट दिलं होतं, तिला ते इथंही पाहिजे होतं. तिकिटाशिवाय प्रवास झाला असं ती मानायलाच तयार नव्हती.

मला तिचं पटलं.

पहिली चार तिकिटं कागदाची केली, ती वाईट होती. मग ते रेक्झिन आठवलं. जुन्या रेल्वेच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांपेक्षा जरा मोठा आकार, चार बोटं लांब, दोन बोटं रुंद. वर-खाली रेक्झिन, मध्ये पुठ्ठा. रबरी शिक्का करून आणला होता गाडीच्या तोंडाचा, जाळी आणि दोन गोल दिवे, पण शाई रेक्झिनवर धरेना, दुसऱ्या दिवशी बोटाला लागायची. कडेला शिलाई मारायची तर मशीनची सुई मोडली. पोवई नाक्याजवळ बसणाऱ्या चांभारमामांनी मला आरी धरायला शिकवली, मेणदोरा दोन्हीकडून कसा ओढायचा ते दाखवलं, आणि माझे टाके बघून "चपलेला चाललं नसतं" असा निकालही दिला. नंबरासाठी मेकॅनिककडून पोलादी नंबर-पंचांचा संच आणला, चासीवर आकडे ठोकतात तो. आधी सरळ रेक्झिनवरच ठोकला. संध्याकाळी उठून दिसणारा आकडा सकाळी गायब; रेक्झिन फुगून पुन्हा सपाट. म्हणून पितळी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांच्यावर आकडे ठोकले आणि दोन रिपिटा मारून बसवल्या. त्या संचात पंच नऊच असतात, कारण सहालाच उलटं धरून नऊ करायचा. ते धरायचं गणित मला पहिल्या खेपेला जमलं नाही. त्यामुळं माझ्याकडं सोळा नंबर नाही, एकोणीस दोन आहेत.

एका तिकिटाला दीड-दोन तास जातात. रात्री जेवणं झाली की मागच्या खोलीत दिवा लावून बसायचं. हातोडीचा आवाज नको म्हणून खाली पोतं. फाटका भाग वगळून त्या रेक्झिनची साठ तिकिटं होतील असा अंदाज काढला होता. आणि हो, मी एक वही केली. नंबर, तारीख, कोण, कुठवर. आठ नंबर त्या तिकीटवालीचा. तिनं ते त्याच संध्याकाळी हरवलं आणि सोमवारी दुसरं मागितलं. तेवीस नंबरच्या आजी शेवटच्या त्या गाडीत बसल्या होत्या तेव्हा मांडीवर पाच दिवसांचा मुलगा होता. तो आता ठाण्याला असतो, त्याच्या मुलाची दहावी आहे. त्यांनी संगमावर नदीकडं पाहिलंसुद्धा नाही. दार आतून उघडायचा खटका वरखाली करत बसल्या. एकतिसावे एक निवृत्त कंडक्टर. त्यांनी तिकीट उलटसुलट करून बघितलं, म्हणाले, "पंच कुठाय?" आणि मग सगळ्या वाटेत तो पत्र्याचा तिकिटांचा डबा, वेगवेगळ्या रंगांच्या गड्ड्या, गर्दीत नुसत्या बोटानं कुठली गड्डी ते कसं कळायचं, ते सांगत राहिले. उतरताना हातानंच हवेत दोनदा टिक-टिक केलं. पोरांना मात्र माहुलीत छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याच्या समाधीशिवाय कशातच रस नसतो. गाडी जुनी, देऊळ जुनं, आजोबा जुने. त्यांना कुत्र्याचं काय झालं ते पाहिजे.

अण्णा सतरा नंबर. ते सगळ्या वाटेत काही बोलले नाहीत. एकदा फक्त काच वाजतेय म्हणाले आणि तळहात काचेवर दाबून धरला, तो माहुलीपर्यंत. उतरल्यावर "गाडी बरी ठेवलीयस" म्हणाले. तिकीट खिशात घातलं. मी वहीत लिहिलं होतं, 'अण्णा, भावुक झाले.' कशावरून लिहिलं कोण जाणे.

तर त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती च्‌च्‌ करेल. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "आईंनी इतकी वर्षं वाणं लुटली, त्यांनी कधी कुणाच्या घरात जाऊन बघितलं का, चाळण कुठं टांगलीय म्हणून?"

आईची वाणं. एका संक्रांतीला पैशांची ओढाताण होती. त्याच सुमारास गाडीला नवी कापडी कव्हरं शिवली होती, निळ्या पांढऱ्या पट्ट्यांची, आणि त्यातलं कापड उरलं होतं. आईनं महिनाभर आधीपासून रात्री मशीनवर बसून त्याच्या बटव्या शिवल्या. एक्कावन्न. नाडीला मणी. मी मणी ओवायला होतो. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका येत होत्या, तिळगूळ, हरभरे, ऊस, आणि हातात ती बटवी, प्रत्येक जण उलटून बघायची आणि म्हणायची, "अगंबाई, घरी केलीस?" त्या म्हणण्यात कौतुक किती आणि कीव किती हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आईला कळलं असावं, कारण पुढच्या वर्षी स्टीलच्या वाट्या आल्या. उन्हाळ्यात मी समोरच्या घरी खेळायला गेलो तर आमची बटवी त्यांच्या जात्याच्या खुंट्यावर चढवलेली, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. मी चिडून घरी येऊन सांगितलं. आई भाजी निवडत होती. "बरं झालं की," म्हणाली. "लुटलं ते लुटलं. त्याची मोजदाद कसली ठेवायची?"

मी तर वही ठेवली होती.

त्यानंतरच्या रविवारी तेवीस नंबरच्या आजींकडं जायचा योग आला. त्यांच्या देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी, माझं तिकीट उभं केलेलं. पट्टीवर हळदकुंकू. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. घशाशी काहीतरी आलं आणि मी पटकन नजर दुसरीकडं वळवली. देवापुढं ठेवावं असं मी काही केलं नव्हतं, त्यांना दहा किलोमीटर फिरवून आणलं होतं. टेबलाखाली घातलं तर अपमान वाटतो आणि देवघरात ठेवलं तर अवघडल्यासारखं होतं; मग मला नक्की पाहिजे होतं तरी काय? काचेच्या कपाटात? ड्रॉवरमध्ये, जुन्या चष्म्यांच्या घरांशेजारी? दर बुधवारी काढून बघावं आणि माझं नाव घ्यावं? अंथरुणावर पडून हे प्रश्न विचारताना मला माझं हसू आलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

मागच्या महिन्यात डावी मागची काच फारच वाजायला लागली. नवं रबर नाहीच, तर निदान दार उघडून आतला खटाटोप बघू म्हणून रविवारी दुपारी आतली पट्टी काढायला बसलो. बायको शेजारी स्क्रू धरायला वाटी घेऊन. त्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, काच आणि चौकटीच्या फटीत, लालसर कागदाची एक कड मला कित्येक वर्षं दिसत आलेली होती. दादांचं काम. ते सगळ्या वाजणाऱ्या गोष्टींना असंच गप्प करायचे. खिडकीला पोस्टकार्ड, डॅशबोर्डला काडेपेटीचं टोपण, पंख्याच्या जाळीला सुतळी. मी समजत होतो सिगारेटचं पाकीट असेल. चिमट्यानं हळूहळू ओढलं. आठ घड्या. दाबून दाबून पत्र्यासारखं घट्ट झालेलं, कडांना ग्रीस. बायकोनं ते तिच्या नखांनी उलगडलं, कारण माझी बोटं जाड.

वर गणपती. 'श्री गजानन प्रसन्न.' खाली सोनेरी अक्षरांतलं माझं नाव, चि. लावून. मग घडीवर अर्धी पुसलेली चि. सौ. कां. 1996 ची, आमच्या लग्नाची पत्रिका. कागद मीच निवडला होता, शनिवार पेठेतल्या छापखान्यात तीन वेळा जाऊन. हा जाड पाहिजे, हाच पाहिजे म्हणून प्रत्येकी बारा आणे जास्त दिले होते आणि त्यावरून दादा माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

जाड होता, यात वादच नाही. एवढी वर्षं टिकला.

बायकोनं पत्रिका मांडीवर सपाट केली, मुहूर्त वाचला, 'आहेर आणू नये' वाचलं आणि तिच्या वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं. मी आतला खटका घट्ट केला, काच वर घेतली, दार आपटून बघितलं. वाजली. पुन्हा घट्ट केली. पुन्हा वाजली. आता माझ्याकडं मरून रेक्झिनची अकरा तिकिटं उरली आहेत आणि त्यातलं एक त्या फटीत जाईल का हे मी मनातल्या मनात मोजतही होतो. जाड होतं, जाणार नव्हतं. ती म्हणाली, "संध्याकाळी अण्णा-काकूंना न्यायचंय ना?" मग तिनं त्या पत्रिकेच्या त्याच घड्या पुन्हा घातल्या, एकावर एक, नखानं दाबत. शेवटची घडी घालण्याआधी थांबली, कागद उलटा केला आणि आपलं नाव गाडीच्या आतल्या बाजूला आणलं.

"घाला," म्हणाली. "नाहीतर माहुलीपर्यंत डोकं उठवेल ती काच."